चीनचा कायदा चीनपुरता राहत नाही

६ ऑक्टोबर २०२२ रोजी जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत एक मतदान झालं. ठरावात चीनचा निषेध नव्हता, निर्बंध नव्हते, चौकशी समितीची मागणीही नव्हती. शिंजियांगमधल्या उइगुर आणि इतर मुस्लिम समाजांबद्दल संयुक्त राष्ट्रांच्याच मानवी हक्क कार्यालयाने ३१ ऑगस्टला अहवाल प्रसिद्ध केला होता. तिथे मानवतेविरुद्धचे गुन्हे घडले असू शकतात, असं त्यात म्हटलं होतं. या अहवालावर पुढच्या अधिवेशनात चर्चा व्हावी, एवढंच मागणं. बाजूने १७, विरोधात १९, तटस्थ ११. चर्चाच नको, असं ठरलं. पाकिस्तान, इंडोनेशिया, कतार, संयुक्त अरब अमिराती हे सगळे ‘नको’ म्हणणाऱ्यांत होते. तटस्थ अकरांत भारत होता.

दुसऱ्या दिवशी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्यांनी सांगितलं, की शिंजियांगच्या लोकांच्या मानवी हक्कांचा आदर राखला गेला पाहिजे. शिवाय एकेका देशाचं नाव घेऊन केलेल्या ठरावांनी काही साधत नाही, ही आपली जुनी भूमिका असल्याचंही सांगितलं. म्हणजे बोललो, पण मत दिलं नाही. खरं सांगायचं तर भारताने बाजूने मत दिलं असतं तरी १८ विरुद्ध १९ असा तो ठराव पडलाच असता. त्यामुळे त्या एका मतासाठी गळा काढण्यात अर्थ नाही. मला खटकते ती त्यामागची वाटणी. चीन आपल्या माणसांशी कसा वागतो हा त्यांच्या घरातला मामला. सीमेवर, व्यापारात, अरुणाचलच्या बाबतीत तो आपल्याशी कसा वागतो हा आपला मामला. दोन विषय, दोन फायली. माझं म्हणणं असं, की या दोन फायली एकाच कारखान्यातून निघतात, आणि पहिली न वाचल्यामुळे दुसरी आपल्याला दर वेळी नव्याने धक्का देते.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. ‘तिथे कायदाबियदा काही नाही, पक्ष म्हणेल ते’ असं आपण सहज म्हणतो. सांस्कृतिक क्रांतीच्या काळाबद्दल ते खरं होतं. तेव्हा वकिलीचा पेशाच बुडाला होता. आज तिथे लाखो वकील आहेत, विधी महाविद्यालयं आहेत, दिवाणी संहिता आहे, घटस्फोटापासून पेटंटपर्यंतचे खटले रोज चालतात आणि त्यांतल्या पुष्कळ खटल्यांत बऱ्यापैकी न्यायही मिळतो. राज्यघटनेचं कलम ३५ भाषण, वृत्तपत्र, सभा, संघटना आणि मिरवणुकीचं स्वातंत्र्य देतं. कलम ३७ बेकायदा अटकेला मनाई करतं. २००४मध्ये घटनादुरुस्ती होऊन ‘राज्य मानवी हक्कांचा आदर आणि रक्षण करतं’ हे वाक्यही त्यात आलं. नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर चीनने १९९८मध्ये सही केली. संसदेची मान्यता मात्र आजतागायत दिलेली नाही.

मग २०१८ साली पुन्हा घटनादुरुस्ती झाली आणि कम्युनिस्ट पक्षाचं नेतृत्व हे चिनी समाजवादाचं सर्वांत मूलभूत लक्षण असल्याचं थेट कलम १मध्ये लिहिलं गेलं. त्याच्या आदल्या वर्षी, जानेवारी २०१७मध्ये, सर्वोच्च जन न्यायालयाचे प्रमुख झोऊ च्यांग यांनी न्यायालयांच्या स्वातंत्र्याची आणि सत्ताविभाजनाची कल्पना ही पाश्चात्त्य चूक आहे, तिच्या सापळ्यात अडकू नका, असं जाहीरपणे बजावलं. सरन्यायाधीशच असं म्हणतात तेव्हा कलम ३५ कुठे उभं राहतं, ते वेगळं सांगायला नको.

पण चिनी माणसांनी हे कलम ३५ आणि ३७ खरं मानून पाहिलं, त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. मार्च २००३मध्ये ग्वांगझू शहरात सुन झिगांग नावाच्या २७ वर्षांच्या तरुणाला पोलिसांनी रस्त्यावर अडवलं. कपड्यांच्या कंपनीत डिझायनर म्हणून नुकताच लागलेला, पदवीधर. त्याच्याजवळ तात्पुरत्या रहिवासाचा परवाना नव्हता. अशा लोकांना ताब्यात घेऊन गावी परत धाडण्याची पद्धत तेव्हा होती. तीन दिवसांत तो कोठडीतच मारहाणीने मेला. एका स्थानिक दैनिकाने बातमी धाडसाने छापली. मग कायद्याच्या तीन तरुण अभ्यासकांनी चीनच्या संसदेच्या, म्हणजे राष्ट्रीय जन काँग्रेसच्या, स्थायी समितीला पत्र लिहिलं. त्यांचा मुद्दा अगदी वकिली होता: नागरिकाचं स्वातंत्र्य काढून घ्यायचं तर संसदेने केलेला कायदा लागतो, मंत्रिमंडळाचा नियम पुरत नाही, आणि हे तुमच्याच कायद्यात लिहिलेलं आहे. घोषणा नाहीत, मोर्चा नाही. जूनमध्ये सरकारने ती पद्धतच रद्द केली. त्या उन्हाळ्यात अनेकांना वाटलं, की झालं, आता वाट सापडली.

त्या तिघांपैकी एक होते शू झियोंग. पुढे त्यांनी स्थलांतरित मजुरांच्या मुलांना शहरात परीक्षेला बसू द्यावं म्हणून काम केलं, अधिकाऱ्यांनी आपली मालमत्ता जाहीर करावी अशी मागणी केली. (आपल्याकडे ही मागणी करणारा माणूस संध्याकाळी वाहिनीवरच्या चर्चेत बसतो.) २०१४मध्ये त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. सुटल्यावर त्यांनी शी जिनपिंग यांनी पायउतार व्हावं असा लेख लिहिला. १० एप्रिल २०२३ रोजी राज्यसत्ता उलथवण्याच्या आरोपाखाली त्यांना १४ वर्षांची शिक्षा सुनावली गेली. कायद्याचा आधार घेऊन एक वाईट नियम रद्द करवणारा माणूस कायद्याच्याच आधारे तुरुंगात गेला. या दोन घटनांमध्ये वीस वर्षांचं अंतर आहे आणि त्या वीस वर्षांत चीन आपल्या डोळ्यांदेखत बदलला.

९ जुलै २०१५पासून तीनशेहून अधिक वकील आणि त्यांचे सहकारी उचलले गेले, बोलावले गेले, चौकशीला बसवले गेले. अनेकांना ज्या पद्धतीने ठेवलं तिचं अधिकृत नाव आहे ‘नेमून दिलेल्या ठिकाणी निवासी देखरेख’. कानाला नजरकैदेसारखं वाटतं. प्रत्यक्षात माणूस घरी नसतो आणि तुरुंगातही नसतो. कुठल्याशा अतिथिगृहात, भिंतींना मऊ आवरण लावलेल्या खोलीत, चोवीस तास दोन पहारेकऱ्यांच्या नजरेखाली सहा महिन्यांपर्यंत ठेवता येतं. वकील भेटू शकत नाही, घरच्यांना ठिकाण कळत नाही. वांग च्वानझांग या वकिलाचा तर तीन वर्षं ठावठिकाणा घरच्यांना नीट कळला नाही. त्यांची पत्नी ली वेनझू २०१८च्या एप्रिलमध्ये बीजिंगहून थ्यांजिनला, जिथे त्यांना ठेवलं असल्याचं सांगितलं जात होतं तिथे, पायी निघाली. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. तिची मागणी नवऱ्याला सोडा अशीही नव्हती. कायद्यात मुदती दिल्या आहेत, त्या पाळा, एवढीच होती.

आणि ताशी वांगचुक. हे नाव भारतातल्या प्रत्येक परराष्ट्रनीतीच्या वर्गात शिकवलं पाहिजे, असं मला वाटतं. छिंगहाय प्रांतातल्या युशू गावचा हा तिबेटी दुकानदार. भाच्यांना शाळेत तिबेटी नीट शिकवत नाहीत, हे त्याचं दुखणं. चीनच्या राज्यघटनेचं कलम ४ प्रत्येक राष्ट्रकाला, म्हणजे वांशिक समाजाला, आपली भाषा आणि लिपी वापरण्याचं आणि वाढवण्याचं स्वातंत्र्य देतं, हे त्याला ठाऊक होतं. २०१५मध्ये तो बीजिंगला गेला, आपल्याच स्थानिक सरकारवर दावा लावायचा म्हणून. वकील मिळेना. सरकारी दूरचित्रवाणीने बातमी करावी म्हणून प्रयत्न केला, तोही फसला. एका अमेरिकन वृत्तपत्राच्या व्हिडिओ पत्रकाराने त्याची ही धडपड चित्रित केली. त्यात तो स्पष्ट सांगतो, की मला स्वतंत्र तिबेट वगैरे मागायचं नाही. घटनेत लिहिलंय तेवढं द्या. जानेवारी २०१६मध्ये त्याला पकडलं. दोन वर्षांनी खटला उभा राहिला, काही तासांत आटोपला आणि मुख्य पुरावा काय, तर तीच चित्रफीत. फुटीरतेला चिथावणी दिल्याबद्दल पाच वर्षं. ती पूर्ण भोगून तो जानेवारी २०२१मध्ये बाहेर आला. त्याच वर्षाच्या शेवटी त्याचा खटला लढवणारे वकील लियांग श्याओजुन यांची सनद काढून घेतली गेली.

मातृभाषेच्या शाळेसाठी भांडणं म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. बेळगावात आपण तेच करतो आणि त्यासाठी दशकानुदशकं न्यायालयात तारखा घेतो. पण तारीख मिळते.

या सगळ्यात एक ठरावीक क्रम आहे. २०११मध्ये कलाकार आय वेइवेइ यांना ८१ दिवस अज्ञात जागी डांबून ठेवलं गेलं. पुढच्याच वर्षी फौजदारी प्रक्रिया संहितेत दुरुस्ती होऊन अशा बंदिवासाला कलम मिळालं. शिंजियांगमध्ये २०१७पासून लाखो लोक छावण्यांमध्ये कोंबले गेले. ऑगस्ट २०१८मध्ये जिनिव्हात चिनी प्रतिनिधींनी अशा छावण्या असल्याचंच नाकारलं. ऑक्टोबरमध्ये शिंजियांगच्या स्थानिक विधिमंडळाने नियम दुरुस्त करून ‘व्यावसायिक कौशल्य प्रशिक्षण केंद्रां’ना जागा करून दिली. म्हणजे आधी करून टाकायचं, मग नाकारायचं, मग त्याचा कायदा करायचा आणि त्यानंतर विचारणाऱ्याला तो कायदा दाखवायचा: पाहा, सगळं कायद्याप्रमाणे चाललं आहे.

आता हाच क्रम उंबऱ्याबाहेर लावून बघा. दक्षिण चीन समुद्रात २०१३च्या अखेरीपासून खडकांवर वाळू ओतून बेटं उभी राहिली. १२ जुलै २०१६ रोजी आंतरराष्ट्रीय लवादाने फिलिपाइन्सच्या बाजूने निकाल दिला, चीनने तो कागदाचा कपटा म्हणून उडवून लावला. १ फेब्रुवारी २०२१पासून तटरक्षक दलाचा नवा कायदा आला, ज्यात आपल्या ‘अधिकारक्षेत्रातल्या पाण्यात’ परदेशी नौकांवर शस्त्र चालवण्याची मुभा आहे. ते पाणी कुठवर, हे अर्थात चीन ठरवणार. आपल्या सीमेवर आधी नवी गावं वसली, रस्ते आले, लोक आणून बसवले. मग २३ ऑक्टोबर २०२१ रोजी भू-सीमा कायदा मंजूर झाला, ज्यात सीमेवरच्या वस्त्यांना पाठबळ देण्याची तरतूद आहे. भारताने लगेच चिंता व्यक्त केली, की सीमेबद्दलचे आपले आधीचे द्विपक्षीय करार असताना असा एकतर्फी कायदा कसा? १ जानेवारी २०२२ला तो लागू झाला आणि त्याच्या दोनच दिवस आधी चीनच्या नागरी व्यवहार मंत्रालयाने अरुणाचलमधल्या १५ ठिकाणांना चिनी नावं देऊन टाकली. २०१७मध्ये सहा दिली होती. २०२३मध्ये ११, २०२४मध्ये ३०, २०२५मध्ये २७. आपलं मंत्रालय दर वेळी म्हणतं, की नावं ठेवल्याने वास्तव बदलत नाही. बरोबरच आहे. पण ती यादी आज वाचण्यासाठी केलेली नाही. ती पुढे कधीतरी पुरावा म्हणून काढण्यासाठी केली आहे. ज्याने शिंजियांगची फाईल वाचली असेल त्याला हे पहिल्या यादीलाच कळलं असतं.

हाँगकाँगचंही तेच. ३० जून २०२० रोजी लागू झालेल्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याचं कलम ३८ सांगतं, की हाँगकाँगचा कायमचा रहिवासी नसलेल्या माणसाने हाँगकाँगबाहेर केलेल्या कृतीलाही हा कायदा लागू आहे. कागदावर तरी हा लेख त्या कक्षेत येऊ शकतो. हसण्यावारी न्यायचं तर न्या, पण जुलै २०२३मध्ये ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या आठ जणांवर प्रत्येकी दहा लाख हाँगकाँग डॉलरचं इनाम याच कायद्याखाली लावलं गेलं.

व्यापारही यातून सुटलेला नाही. निर्यात नियंत्रण कायदा डिसेंबर २०२०चा. एप्रिल २०२५मध्ये त्याच्या आधारे काही दुर्मीळ मृदा धातू आणि त्यांच्या चुंबकांवर परवाना बसला. चुंबक कुठे, कोणत्या गाडीत वापरणार, सैन्याला तर देणार नाही ना, याची लेखी हमी चिनी कार्यालयाकडे पाठवून वाट बघत बसायचं. चाकण-पिंपरीच्या वाहन उद्योगाला त्या उन्हाळ्यात कळलं, की बीजिंगमधला एखादा नियम आपल्या असेंब्ली लाइनवर कसा येऊन बसतो. चुंबकाचा आणि मानवी हक्कांचा काय संबंध, असं कोणी विचारेल. संबंध असा, की ज्या व्यवस्थेत कायद्याला विरोध करू शकणारा वकील उरत नाही, न्यायाधीश उरत नाही, वृत्तपत्र उरत नाही, तिथे कुठलाही कायदा एका रात्रीत कुणावरही वापरता येतो. घरात अडवणारा कोणी नसला, की बाहेर अडवणारा तुम्हीच असता.

हे ओळखणारा माणूस आपल्याकडे होता. २९ एप्रिल १९५४ रोजी भारत-चीन करार झाला, त्याच्या प्रस्तावनेत पंचशील आलं, त्यात एकमेकांच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ न करण्याचं तत्त्व होतं. तो करार होता तिबेटशी व्यापाराबद्दलचा, ही त्यातली विसरली जाणारी गोष्ट. त्याच वर्षी २६ ऑगस्टला राज्यसभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पंतप्रधान हे पंचशील इतकं मनावर कसं घेतात, याबद्दल आश्चर्य व्यक्त केलं. पंचशील तर बुद्धाच्या धर्माचा भाग; माओंचा त्यावर कणभर विश्वास असता तर त्यांनी आपल्या देशातल्या बौद्धांना निराळं वागवलं असतं, असा त्यांचा युक्तिवाद होता. सत्ताधारी आपल्या माणसांशी कसा वागतो यावरून तो दिलेल्या शब्दाला किती जागेल हे ओळखा, असा तो सरळ हिशेब. बाबासाहेबांचा हा मुद्दा आज दिल्लीत परराष्ट्रनीती म्हणून कोणी मांडत नाही, याचं मला नवल वाटतं.

‘अंतर्गत मामला’ या सबबीबद्दलही आपला स्वतःचा इतिहास काही वेगळं सांगतो. स्वातंत्र्य मिळायच्याही आधी, १९४६मध्ये, भारताने दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. तिथले पंतप्रधान जनरल स्मट्स म्हणाले, हा आमच्या देशातला विषय आहे. विजयालक्ष्मी पंडितांच्या शिष्टमंडळाने ते मानलं नाही आणि डिसेंबरमध्ये आमसभेने भारताच्या बाजूने ठराव केला. तिबेटवर १९५९ आणि १९६१मध्ये आपण तटस्थ राहिलो. युद्ध होऊन गेल्यावर, १९६५मध्ये मात्र तिबेटच्या बाजूने मत दिलं आणि तेव्हा भारताच्या वतीने बोलायला उभे होते महाराष्ट्रातले रफिक झकेरिया. श्रीलंकेविरुद्ध २०१२ आणि २०१३मध्ये याच मानवी हक्क परिषदेत आपण नाव घेऊन केलेल्या ठरावांना पाठिंबा दिला होता. म्हणजे ‘एकेका देशाचं नाव घेऊन काही साधत नाही’ हे तत्त्व सोयीने आठवतं, एवढंच म्हणता येईल.

आक्षेप बरेच आहेत आणि त्यातला पहिला जड आहे. तुमच्या घरात काय चाललंय? एल्गार परिषद प्रकरणात माणसं वर्षानुवर्षं खटला सुरू न होता आत राहिली. फादर स्टॅन स्वामी ८४व्या वर्षी जामिनाची वाट पाहत जुलै २०२१मध्ये मुंबईत वारले. यूएपीएखाली, म्हणजे बेकायदा कृत्य प्रतिबंधक कायद्याखाली, जामीन मिळणं किती अवघड आहे, हे कोणत्याही वकिलाला विचारा. आपण चीनला काय तोंडाने सांगणार? हा प्रश्न टाळून पुढे जाणारा लेख मी वाचत नाही, म्हणून तो टाळत नाही. पण याच मुंबई उच्च न्यायालयाने त्या प्रकरणात काहींना जामीन दिला, नागपूर खंडपीठाने मार्च २०२४मध्ये यूएपीएच्याच दुसऱ्या एका खटल्यात प्राध्यापक जी. एन. साईबाबांना निर्दोष सोडलं, आणि उशिराबद्दल न्यायालयाला बोल लावणारे लेख आपल्याकडे छापून येतात. लियांग श्याओजुन यांची सनद गेली तशी या वकिलांची गेली नाही. हा फरक लहान नाही. शिवाय चीनच्या पद्धतीवर बोट ठेवणारा देश स्वतः त्या पद्धतीकडे घसरताना थोडा तरी संकोच करेल, हा मला तोटा वाटत नाही.

दुसरा आक्षेप असा, की मानवी हक्क ही पाश्चात्त्यांची भाषा. आशियाची मूल्यं वेगळी. हा युक्तिवाद बीजिंग आवडीने करतं आणि आपल्याकडेही त्याला टाळ्या पडतात. १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा करणाऱ्या समितीचे उपाध्यक्ष होते चीनचे पेंग चुन चांग. कन्फ्यूशियसचा दाखला देत त्यांनी कित्येक तिढे सोडवले. ‘ऑल मेन’ऐवजी ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ हे शब्द आले ते भारताच्या हंसा मेहता यांच्या आग्रहामुळे. अमेरिकेच्या दुटप्पीपणाबद्दल तर किती बोलावं. ग्वांतानामो आहे, आणि आर्थिक-सामाजिक हक्कांच्या ज्या कराराला चीनने २००१मध्ये मान्यता दिली त्याला अमेरिकेने अजून दिलेली नाही. पण दुसऱ्याचं ढोंग उघडं पाडून ताशी वांगचुकची पाच वर्षं परत मिळत नाहीत.

आधी भाकरी, मग भाषण, असंही म्हणतात. चीनने कोट्यवधी लोकांना दारिद्र्यातून वर काढलं, ही विसाव्या-एकविसाव्या शतकातली मोठी गोष्ट आहे आणि ती नाकारणारा माणूस आंधळा. मात्र २०१८मध्ये शेनझेनच्या जासिक कारखान्यातल्या कामगारांनी कामगार संघटना काढायची परवानगी मागितली, तीही सरकारमान्य महासंघाच्या छत्राखाली, तेव्हा त्यांना पोलिसांनी उचललं. आणि त्यांच्या मदतीला गेलेल्या, मार्क्स वाचून आलेल्या विद्यापीठातल्या मुलामुलींनाही उचललं. भाकरीची मागणीसुद्धा वरून परवानगी आली तरच करायची असते.

राहिला व्यवहार. २०२४-२५मध्ये चीनशी आपली व्यापारतूट ९९ अब्ज डॉलरवर गेली. औषधांचा कच्चा माल, सौर पॅनेल, यंत्रं, सगळं तिथून येतं. उगाच डिवचायचं कशाला? याला माझं उत्तर एवढंच, की गप्प राहून काय पदरात पडलं ते मोजा. २००३मध्ये आपण तिबेट स्वायत्त प्रदेश चीनचा भाग असल्याचं लेखी मान्य केलं. त्यानंतर काश्मिरींना आणि अरुणाचलच्या लोकांना वेगळ्या कागदावर टाचलेले व्हिसा आले, नावांच्या याद्या आल्या, जून २०२०मध्ये गलवानमध्ये आपले २० जवान गेले. न बोलल्याचा भाव बाजारात शून्य आहे.

बोलायचं म्हणजे आरडाओरड करायची, असं मी म्हणत नाही. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी चिनी माणसांवर उपचार करता करता १९४२मध्ये तिथेच प्राण सोडला. चिनी समाजाशी आपलं भांडण नाही. उलट चीनच्या कायद्यावरची सर्वांत नेमकी टीका चिनी वकिलांनीच केली आहे आणि बोलण्याची रीतही त्यांच्याकडूनच घ्यावी: तुमचाच कागद तुम्हाला वाचून दाखवतो. गंमत म्हणजे भारताने हे एकदा करून दाखवलं आहे. नोव्हेंबर २०२५मध्ये शांघाय विमानतळावर अरुणाचलमध्ये जन्मलेल्या एका भारतीय महिलेला, केवळ जन्मस्थळामुळे पासपोर्ट अवैध ठरवून, तासन्‌तास अडवून ठेवलं. आपल्या मंत्रालयाने निषेध करताना आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाचे करार तर दाखवलेच, शिवाय सर्व देशांच्या नागरिकांना २४ तासांपर्यंत व्हिसाशिवाय थांबू देणारा चीनचा स्वतःचा नियमही दाखवला. नेमका, थंड डोक्याचा मुद्दा. हाच मुद्दा कलम ४बद्दल, कलम ३५बद्दल, १९९८च्या सहीबद्दल जिनिव्हात का मांडता येऊ नये? चर्चेच्या ठरावाला मत देणं आणि त्याची कारणं म्हणून चीनचीच कलमं वाचणं, याने युद्ध पेटत नाही. विद्यापीठांमध्ये चिनी कायदा मूळ भाषेतून वाचणारी माणसं तयार करावी लागतील. आज ती बोटांवर मोजण्याएवढी आहेत.

याची निकड कुठे आहे तेही स्पष्ट आहे. १ सप्टेंबर २००७पासून चीनमध्ये सरकारी धार्मिक व्यवहार विभागाचा आदेश क्रमांक ५ लागू आहे. त्यानुसार तिबेटी बौद्ध लामांच्या पुनर्जन्मालाही सरकारची मंजुरी लागते आणि परदेशी व्यक्ती वा संस्थेने त्यात दखल द्यायची नाही. नास्तिक पक्षाने पुनर्जन्माचा परवाना द्यायचा, यातला विनोद बाजूला ठेवा. २ जुलै २०२५ रोजी दलाई लामांनी जाहीर केलं, की ही परंपरा चालू राहील आणि पुढचा दलाई लामा ओळखण्याचा अधिकार आपल्याच गादेन फोद्रांग न्यासाचा. दोन दिवसांनी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलं, की श्रद्धा आणि धर्माच्या बाबतीत भारत सरकार भूमिका घेत नाही. पण आदेश क्रमांक ५ ही श्रद्धा नाही, तो सरकारी हुकूम आहे, आणि त्याचा रोख धरमशालेवर, म्हणजे भारताच्या भूमीवर राहणाऱ्या माणसांवर आहे. कधी ना कधी दोन दलाई लामा असतील. एक बीजिंगने मंजूर केलेला, दुसरा बहुधा भारतात. तेव्हा चीन दिल्लीसमोर हाच आदेश ठेवेल आणि आमच्या कायद्याचा मान राखा म्हणेल. त्याला द्यायच्या उत्तराचा मसुदा आत्ताच लिहून ठेवायला हवा, आणि या आदेशाला भारतात कसलीही किंमत नाही, हे वाक्य त्यात सुरुवातीलाच असायला हवं.